वायर धरून मागे चालत जा

बाळा, बदलापूरच्या नव्या घरात टीव्ही लागला आणि पहिल्याच रविवारी तुझा फोन आला, "मामा, नुसतं गोल फिरतंय. मोठा प्लॅन घेऊ का?" घाई करू नकोस. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये मी वीस वर्षं केबलच्या वायरी ओढल्या. तेव्हा पडद्यावर मुंग्या यायच्या, आता चक्र फिरतं. पण फॉल्ट शोधायची रीत तीच आहे: टीव्हीपासून वायर धरून मागे चालत जायचं. वाटेत भेटणारे शब्द नीट ओळखून ठेव.

बफर म्हणजे गच्चीवरची टाकी. नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, म्हणून आपण साठवतो. टीव्हीसुद्धा पुढचं चित्र थोडं आधीच भरून ठेवतो. टाकी रिकामी झाली की चक्र. सिनेमा आधीच तयार असतो, त्याची टाकी मोठी भरता येते. थेट सामन्यात पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, म्हणून तिथे टाकी लहान आणि अडखळणं जास्त. शेजारच्या डिशवर विकेट आधी पडली आणि तुझ्याकडे अर्ध्या मिनिटाने, तर तो बिघाड नव्हे. त्या उशिराला लेटन्सी म्हणतात. त्यासाठी माणूस बोलावून पैसे घालवू नकोस.

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला लागणारी धार. प्लॅनवरच्या एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आहे, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे 40 च्या प्लॅनवर सेकंदाला 5 मेगाबाइटच उतरतात. एचडी चित्राला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, फोर-केला 15 ते 25. तुमच्या तिघांच्या घराला 40 भरपूर झाले. मात्र लोकलमध्ये मोबाइलवर एचडी बघशील तर दिवसाचा दीड जीबी चाळीस मिनिटांत संपेल. तिथे क्वालिटी हाताने कमी करून ठेव.

चित्र मधेच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होतं, ते ॲडॅप्टिव्ह स्ट्रीमिंग. एकाच कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे जाड-बारीक अशा अनेक प्रतींत तयार असतात. धार मंदावली की टीव्ही बारीक प्रत उचलतो. थांबण्यापेक्षा धूसर बरं.

कोडेक म्हणजे गठ्ठा बांधायची पद्धत. आपल्या कॅम्पातल्या जीन्स जितक्या घट्ट बांधाव्यात तितक्या टेम्पोत जास्त मावतात, तसंच हे. एच-264 जुनी पद्धत, एचईव्हीसी आणि एव्ही-1 जास्त घट्ट. पण गठ्ठा सोडवणं टीव्हीला जमलं पाहिजे. नवा टीव्ही घेताना एवढं विचारूनच घे.

आता वाय-फाय. अंबरनाथच्या एका घरी तक्रार होती. त्यांनी प्लॅन दुप्पट केला तरी चक्र थांबेना. जाऊन पाहिलं तर राउटर लोखंडी कपाटामागे आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे. राउटर उचलून हॉलमध्ये उंचावर ठेवला, चक्र थांबलं. लक्षात ठेव: 2.4 गिगाहर्ट्झ लांब जातं पण गर्दीत अडकतं. इमारतीत सगळ्यांचे राउटर तिथेच बोलत असतात. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला हार खातं. टीव्ही हलणारा नाही, त्याला सरळ लॅन केबल जोड.

आणखी मागे गेलास की फायबरचा डबा. त्यावर 'लॉस' लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोचत नाहीये. टीव्ही कितीही बंद-चालू केलास तरी उपयोग नाही. जुनी तांब्याची वायर आम्ही पिळून जोडायचो. फायबर काच आहे, खिळ्याभोवती गुंडाळू नकोस, दारात चेपू देऊ नकोस. डब्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लाव, म्हणजे लाइट गेली तरी लाइन चालू राहील.

शेवटचा शब्द जपून ऐक. नेट देणारा स्वतःच्या जाळ्यावरून वाहिन्या देतो ते आयपीटीव्ही. कुठल्याही नेटवर ॲप उघडून बघतो ते ओटीटी. एम-3-यू ही पत्त्यांची साधी यादी, तिच्यात गैर काही नाही. पण "वर्षाला थोडक्यात हजार चॅनेल" म्हणून कुणी यादी किंवा अनोळखी ॲप विकत असेल, तर माल बहुधा चोरीचा असतो, आणि ॲपबरोबर फोनमधल्या बँकेच्या चाव्याही जाऊ शकतात. आईला दूरदर्शन हवं असेल तर प्रसार भारतीचं 'वेव्हज' आहे, 20 नोव्हेंबर 2024 पासून सुरू झालेलं.

तक्रार करताना "नेट चालत नाही" असं म्हणू नकोस. आधी राउटरला केबल लावून स्पीड मोज, मग टीव्हीजवळ मोज, दिव्यांचे रंग बघ, वेळ लिहून ठेव. "केबलवर 38 मिळतात, बेडरूममध्ये 6" एवढं बोललास की दोष घरात आहे हे तुझं तुलाच कळेल, आणि कदाचित फोन करायची गरजच उरणार नाही.