कट्यारीच्या पात्यावरच्या लहरी

प्रश्न : घरातल्या जुन्या कट्यारीचं पातं पुसल्यावर बारीक लहरी दिसू लागल्या. हे पोलाद कसं घडवलं असेल?

उत्तर : भिंगाखाली, तिरप्या उजेडात पाहा. काळसर पृष्ठावर विरजलेल्या दुधासारखी बारीक, अनियमित नक्षी असेल आणि सांधा कुठंच दिसत नसेल, तर ते बहुधा मुशीतलं पोलाद, म्हणजे वूट्झ. बंद मुशीत लोखंड कर्बयुक्त पदार्थांसह वितळवून त्याची लगड करत; तिच्यात साधारण दीड टक्का कर्ब असे. लगड मंद आचेवर ठोकताना लोह-कर्ब संयुगाचे कठीण कण रांगेनं मांडले जात, त्याच या लहरी. दक्षिण भारतात, विशेषतः तेलंगणातल्या कोनसमुद्रमला, हे पोलाद होई. आच जास्त झाली की नक्षी विरते, म्हणून लोहाराचं कसब इथं कळतं.

लहरी ठळक, पट्ट्यापट्ट्यांच्या असतील, तर लोखंड-पोलादाचे थर तापवून एकमेकांत ठोकले असावेत. पात्याची कड आणि पाठ तपासा: थर तिथंही रेषांसारखे दिसतात, कुठं उघडलेला सांधाही सापडतो. वरची नक्षी मात्र कडेशी तुटत असेल, तर ती आम्लानं कोरलेली असण्याची शंका घ्या. बाजारातल्या ‘पुरातन’ कट्यारींत असा माल बराच असतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. लिंबू, चिंच, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका. हलक्या तेलाचा हात पुरे, आणि पातं संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.