अन्नाला नावे ठेवणे : दस्तरखानावरील बोलण्याचा आदब



मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बाळाचे नामकरण करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. एकवचनाचे अनेकवचन झाले की शुभकार्याची निंदा होते. दिवसातून दोन-तीन वेळा आपण दस्तरखानावर बसतो, तेव्हा पहिल्या घासानंतर आपल्या जिभेवर कोणते शब्द येतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत. इच्छा झाली तर ते ग्रहण करीत, नसेल तर न बोलता बाजूला ठेवीत. येथे नावडीला मनाई केलेली नाही. मनाई आहे ती नावड दोषाच्या रूपात बोलून दाखविण्याला.

चव ही निशाणी आहे

पवित्र कुरआनमधील सूरह अर्-रअदच्या चौथ्या आयतीत अल्लाहने शेजारी-शेजारी असलेल्या शेतांकडे आणि बागांकडे मानवाचे लक्ष वेधले आहे. पाणी एकच, तरीही एक फळ चवीला दुसऱ्याहून सरस. विचार करणाऱ्यांसाठी या भेदात निशाण्या आहेत, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे चवीतील भिन्नता ही निर्मात्याची योजना आहे. फळांच्या चवी भिन्न, तशाच खाणाऱ्यांच्या जिभाही भिन्न. एकाला अळणी वाटणारी आमटी दुसऱ्याला बेताची वाटते. म्हणून माझ्या जिभेला जे जाणवले, तोच पदार्थाचा अंतिम निवाडा, असे समजणे हा विचारातील दोष आहे.

तीन वेगळी वाक्ये

‘मला हे आवडत नाही’, ‘हे वाईट झाले आहे’ आणि ‘हे हराम आहे’ ही तीन वाक्ये आपण पुष्कळदा एकाच सुरात उच्चारतो. वस्तुतः पहिले वाक्य बोलणाऱ्याविषयी आहे, दुसरे पदार्थाविषयी व तो करणाऱ्याविषयी आहे, आणि तिसरे अल्लाहच्या आदेशाविषयी आहे.

या तिन्हींतील अंतर एका प्रसंगातून स्पष्ट होते. आदरणीय प्रेषित (स.) हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी असताना भाजलेला ‘दब्ब’ त्यांच्यासमोर आला. दब्ब म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा वाळवंटी प्राणी. प्रेषितांनी हात पुढे केला, तेव्हा उपस्थित स्त्रियांपैकी एकीने तो पदार्थ कशाचा आहे हे सांगावयास लावले. ते कळताच त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, हा हराम आहे काय? उत्तर मिळाले, नाही. हा आपल्या लोकांच्या प्रदेशात नसतो, म्हणून मनाला रुचत नाही. मग खालिद (रजि.) यांनी तो स्वतःकडे ओढून खाल्ला आणि प्रेषित (स.) पाहत राहिले.

या प्रसंगात बोलण्याचे तीन धडे आहेत. पाहुण्यासमोर काय वाढले आहे, हे यजमानांनी स्पष्ट सांगावे. न खाणाऱ्याने कारण स्वतःच्या सवयीत शोधावे, पदार्थात नव्हे. आणि आपण खात नाही म्हणून दुसऱ्याचा घास कडू करू नये. दब्बच्या हुकमाविषयी फिकहच्या इमामांत पुढे मतभेद झाले, पण आदबाचा हा पाठ सर्वांना समान आहे.

आपल्या महाराष्ट्रात याची गरज वारंवार पडते. कोकणातील मुस्लिम कुटुंबे बहुतांशी शाफई मसलकाची, तर मराठवाडा-विदर्भातील बहुसंख्य हनफी. शाफई फिकहनुसार कोळंबी निःशंक हलाल आहे. ती ‘मासळी’त मोडते की नाही, यावर हनफी उलमांत दोन मते आहेत, त्यामुळे काहींनी परवानगी दिली आणि काहींनी ती टाळण्यास सांगितले. आता कोकणातील मुलगी सून होऊन देशावर आली आणि तिने माहेरची आठवण म्हणून कोळंबीचे कालवण केले, तर ‘आमच्याकडे हे खात नाहीत’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. ‘हे हराम आहे’ असे म्हणणारा तिच्या आई-वडिलांच्या दस्तरखानावर फतवा देत असतो. सूरह अन्-नहलच्या 116 व्या आयतीत स्वतःच्या जिभेने हलाल-हरामचे शिक्के मारण्याविरुद्ध कडक ताकीद आहे, तिचे स्मरण अशा वेळी ठेवावे.

करणाऱ्याचे मन

नावे ठेवणे म्हणजे नेमके काय, हे इमाम नववी (रह.) यांनी उदाहरणे देऊन सांगितले आहे: खारट आहे, मीठ कमी आहे, आंबट आहे, पातळ आहे, कच्चे राहिले आहे. हे शब्द आपल्या घरात किती परिचयाचे आहेत! काही विद्वानांचे मत असे होते की, निंदा अल्लाहच्या निर्मितीची नसावी, मानवी कारागिरीची चालेल. हाफिज इब्ने हजर (रह.) यांनी मात्र दोन्ही टाळण्याकडे कल दर्शविला. कारण काय? त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्याचे मन मोडते.

हनफी फिकहच्या ग्रंथांत एक मसला आहे. रोजा असताना विनाकारण पदार्थ चाखणे मकरूह आहे. परंतु ज्या स्त्रीचा पती तापट स्वभावाचा आहे, तिने जिभेच्या टोकाने मीठ पाहावे व गिळू नये, अशी सवलत आहे. सवलत त्या स्त्रीच्या सोयीसाठी आहे, हे खरे. पण पुरुषांनी हा मसला वाचताना क्षणभर थांबावे. पत्नी स्वतः उपाशी राहून इफ्तारची तयारी करीत आहे आणि आपल्या रागाच्या भीतीने तिला फिकहमधील सवलतीचा आधार घ्यावा लागतो, ही पतीसाठी भूषणाची गोष्ट आहे काय?

मग खराब अन्नाचे काय?

मौन सर्वत्र योग्य नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतील ओल शोधली, विक्रेत्याला जाब विचारला आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. विकतच्या वस्तूतील दोष दाखविणे व ती परत करणे हा ग्राहकाचा शरई हक्क आहे. घरातही अन्न नासले असेल, तर ते सांगणे कर्तव्यच आहे. हानी टाळण्यासाठी सांगणे वेगळे आणि जिभेचा रुसवा काढणे वेगळे. मीठ कमी वाटले, तर मीठ मागून घ्यावे. भाजीवर भाष्य करण्याचे कारण नाही.

शब्दाने चव बदलते

एकदा प्रेषितांनी (स.) घरी कालवण मागितले. सिरक्याशिवाय काहीच नव्हते. त्यांनी तोच मागविला आणि ‘किती चांगले कालवण’ अशा शब्दांत त्याची वाखाणणी करीत भोजन केले. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, हे ऐकल्यापासून त्यांना सिरका प्रिय झाला. पदार्थ तोच होता. एका वाक्याने ऐकणाऱ्याची रुची बदलली. मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. वडील ज्या भाजीला नाक मुरडतात, ती भाजी मूल चाखण्यापूर्वीच नाकारते.

म्हणून वाचकहो, या महिन्यात घरात एक नियम करून पाहा. बिस्मिल्लाह म्हणून जेवण सुरू करावे, आवडलेल्या एका पदार्थाचे नाव घेऊन तो करणाऱ्याचे आभार मानावेत आणि न आवडलेल्याविषयी गप्प राहावे. लोकांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितांची शिकवण आहे. जेवणानंतरचे अल्हम्दुलिल्लाह तेव्हाच खरे, जेव्हा त्याच जिभेने जेवताना कुणाचे मन मोडलेले नसते.

अल्लाह आपल्या दस्तरखानांत बरकत आणि आपल्या जिभेला आदब देवो. आमीन.