प्रोजेक्ट विकत घेऊ नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की समुद्रपूर, गिरड, नंदोरीकडून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: ‘सर, पोराले एआयमध्येच टाकाचं हाये, कोणतं कॉलेज भेटन?’ पोराला काय येतं, कशात रमतो, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मी स्पष्ट सांगतो. ब्रांचच्या नावात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ असल्याने नोकरी मिळत नाही. सुरुवातीची वर्षं तिथेही गणित, प्रोग्रामिंग आणि डेटा स्ट्रक्चरच शिकायचं असतं. त्या नावापायी दूरच्या शहरातल्या महागड्या कॉलेजसाठी वावर गहाण टाकू नका.

रस्ते तुम्हाला माहीत आहेत. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी देऊन इंजिनिअरिंग, नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए. बीसीएलाही २०२४ पासून राज्यात सीईटी आहे, तेवढी तारीख चुकवू नका. ज्या रस्त्याकडे पालक नाक मुरडतात, तो दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा. ‘पॉलिटेक्निक म्हणजे कमी मार्कांच्या पोरांचं’ हा समज काढून टाका. कॉम्प्युटरच्या डिप्लोमात मुलगा किंवा मुलगी सोळा-सतराव्या वर्षी सी प्लस प्लस आणि जावा लिहायला लागते, मायक्रोप्रोजेक्ट करते आणि पुढे हवं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाते. बारावीत क्लासच्या पीडीएफ पाठ करणाऱ्या मुलाच्या हातून या वयात एकही प्रोग्राम लिहून झालेला नसतो.

रस्ता कोणताही घ्या, शेवटी एक प्रोजेक्ट समोर येतो आणि खरी वाट तिथेच चुकते. शहरात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत. रिपोर्ट, सीडी, बाइंडिंग, सगळं एकत्र मिळतं. विषयही तेच: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट. पैसे बाप देतो आणि वर सांगतो, ‘मार्कं कमी पडू नये.’ बाहेरून आलेले परीक्षक प्रोग्राममधल्या एका क्लासवर बोट ठेवतात: ‘हा कशासाठी केला?’ मुलगी गप्प. मुलाखतीतही हाच प्रश्न येतो आणि तिथे बाइंडिंग कामाला येत नाही.

तुमच्या तालुक्यात प्रोजेक्टला विषय कमी आहेत का? कापसाची खरेदीच घ्या. जावात शेतकरी, गाडी, माल, काटापट्टी, चुकारा असे क्लास करता येतात. धाग्याच्या लांबीवर हमीभाव ठरतो. २०२५-२६ मध्ये मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. इथे नवशिका विद्यार्थी लगेच दोन उपक्लास काढतो. नको. दोन्हींत फरक फक्त आकड्याचा आहे, तो माल या क्लासमध्येच राहू द्यावा. वागणूक वेगळी असेल तिथे वारसा म्हणजे इनहेरिटन्स लागतो. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ओलावा मोजते, ८ टक्क्यांच्या वर दर उतरवते, १२ च्या वर माल घेत नाही आणि चुकारा बँकेत जमा करते. खासगी व्यापारी समोर भाव करतो. दोघंही खरेदीदार, दोघांनाही ‘खरेदी करा’ सांगायचं, पण काम दोन तऱ्हेने होतं. पुस्तकातला पॉलिमॉर्फिझम हाच. चुकाऱ्याची रक्कम प्रायव्हेट ठेवायची, म्हणजे एकदा हिशेब झाला की दुसऱ्या क्लासला ती परस्पर बदलता येत नाही. ती का बदलू नये, हे कापूस विकणाऱ्या घरातल्या पोराला शिकवावं लागत नाही.

ही कल्पना मी ओढूनताणून गावात आणलेली नाही. ऑब्जेक्ट आणि क्लास ज्या भाषेतून आले, ती सिम्युला ६७ ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी रांगा, यंत्रं, माणसं अशा खऱ्या गोष्टींचं काम कॉम्प्युटरवर उभं करून पाहण्यासाठी घडवली. जिनिंगसमोर उभ्या गाड्यांची रांग हा या विद्येचा अगदी मूळचा विषय आहे. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि वेळ घेण्याची सोय केली. ते ॲप बापाला वापरताना कुठे अडचण येते, हे शेजारी बसून लिहून काढलं तरी प्रोजेक्टची पहिली चार पानं तयार होतात.

असा प्रोजेक्ट ओबडधोबड होईल. दोनदा मोडावा लागेल, दिवाळीच्या सुट्ट्या जातील, मार्कंही विकतच्या रिपोर्टपेक्षा कमी पडू शकतात. पडू द्या. आयांनो, बापांनो, त्या दिवसांत ‘शेजारच्याचं कधीच झालं’ असं म्हणू नका. मुलं दुकानात जातात ती बहुतेक वेळा याच वाक्याला घाबरून. पैसे द्यायचेच असतील तर वापरलेला का होईना, एक चालू लॅपटॉप घ्या. जावा शिकायला महागडं मशीन लागत नाही आणि ओपनजेडीके फुकट मिळतं. मग एका संध्याकाळी मुलीला म्हणा, यंदाच्या आपल्या कापसाची काटापट्टी यात टाकून दाखव. आकडा जुळला नाही, तर तो का जुळला नाही हे तिला शोधू द्या आणि तोवर जेवायला उशीर झाला तरी चालेल.