शाळेच्या बागेसाठी रोपांची निवड : केल, लॅव्हेंडर आणि जमीन झाकणारे वेल



रावेत व पवनाकाठच्या परिसरातील रोपवाटिकांतून हल्ली केल आणि लॅव्हेंडर यांची रोपे मिळू लागली आहेत. ती शाळेच्या परसबागेत लावावीत काय, असे अनेक शिक्षक विचारतात. उत्तरापूर्वी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच आग्रहावरून एका शाळेने लॅव्हेंडरची बारा रोपे विकत आणली. मुलांनी ती जिवापाड जपली. जूनअखेर पाऊस लागला आणि पंधरवड्यात मुळे कुजून सर्व रोपे गेली. “साहेब, आम्ही पाणी जास्त घातलं का?” असे एका मुलीने विचारले. दोष तिचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

लॅव्हेंडर हे भूमध्य समुद्राकाठचे झुडूप. तिकडे उन्हाळा कोरडा असतो व पाऊस हिवाळ्यात पडतो. पुण्याचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस मात्र बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जम्मूकडील भदरवाह येथे शेतकरी लॅव्हेंडर पिकवितात, पण ती थंड डोंगराळ भूमी आहे. हौसच असेल तर अर्धी वाळू घातलेल्या कुंडीत एखादे रोप लावून पावसाळ्यात पडवीत ठेवावे. वाफ्यात सुवासासाठी मरवा, सब्जा किंवा गवती चहा लावणेच इष्ट.

केलची गोष्ट निराळी. ती गड्डा न धरणारी कोबीच होय. कोबी, फुलकोबी, नवलकोल व केल यांना वनस्पतिशास्त्र एकाच जातीत धरते. काश्मिरात भाताबरोबर नित्य खाल्ला जाणारा ‘हाक’ही याच घराण्यातला. नवलकोलचे व केलचे पान वर्गात शेजारी ठेवून त्यांवर पाण्याचे थेंब टाकावेत. मेणचट थरावरून थेंब घरंगळताना पाहिले की हे नाते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

सप्टेंबरअखेर गादीवाफ्यावर बी पेरावे आणि महिन्याची रोपे हात-हात अंतरावर लावावीत. खालची पाने आधी खुडावीत, शेंडा राखावा. फेब्रुवारीनंतर उन्हाने पाने राठ होतात. मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. मुलांच्या पानात जाणाऱ्या भाजीवर विषारी औषध नको. शिवाय रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाते, हेही काठावरच्या शाळांनी ध्यानात ठेवावे.

आता हिशेब. प्राथमिक वर्गाच्या मुलामागे शालेय आहारात दररोज ५० ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. चाळीस मुलांस २ किलो झाली. केलच्या वीस रोपांनी ती भागणार नाही. महिन्याभरात काढणीस येणारा माठ दर पंधरवड्यास थोडाथोडा पेरावा आणि कुंपणालगत शेवगा लावावा. हे गणित चौथीच्या मुलांकडूनच करवून घ्यावे.

उताराची माती पहिल्याच वळवात वाहून जाते, तेथे जमीन झाकणारा वेल हवा. पिवळ्या फुलांचा वेडेलिया रोपवाटिकेत स्वस्त मिळतो. परंतु तो पेऱ्यापेऱ्यास मुळे धरून इतर रोपांस दडपतो, म्हणून नदीकाठी तो लावूच नये. घोळ आपोआप उगवते, ती उपटून न टाकता भाजीस वापरावी. सर्वांत उपयुक्त रताळ्याचा वेल : माती धरतो, कोवळ्या पानांची भाजी होते. वीत-दीड वीत लांबीचे तुकडे, दोन-तीन डोळे मातीत जातील असे, जूनअखेर लावावेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की काढणी करावी. खणताना कुदळ बुंध्यापासून लांब घालावी, नाहीतर रताळी कापली जातात.