रोहित पक्ष्यांचे छायाचित्र

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हे तुम्ही ऐकले असेल. फ्लेमिंगो म्हणतात ते हेच. २०१५ साली त्यांच्यासाठी खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. एकदा फेब्रुवारीत मी व माझा भाचा शरद नावेतून तेथे गेलो आणि पुष्कळ छायाचित्रे काढली.

घरी आल्यावर शरदने त्यांतील एक चित्र संगणकावर सजविले. पाण्यात रोवलेला कोळ्यांचा बांबू पुसला, गुलाबी रंग चांगला गडद केला आणि ते मोठ्या ऐटीने अप्पांपुढे ठेवले. अप्पा आमचे शेजारी. त्यांचे सारे आयुष्य पक्षी पाहण्यात गेले आहे.

अप्पांनी चष्मा पुसला. प्रथम त्यांनी पक्ष्याचा डोळा पाहिला. "डोळा स्पष्ट आला आहे, छान! तो धूसर असता, तर चित्र निर्जीव वाटले असते. पक्षी उजवीकडे पाहत आहेत. म्हणून मोकळी जागा तिकडे ठेव, डावीकडची थोडी काप."

शरदची कळी खुलली. इतक्यात अप्पा म्हणाले, "मूळ चित्र दाखव पाहू."

मूळ चित्रात तीन पक्षी करडे होते.

"हे कोवळे पक्षी," अप्पा म्हणाले. "रोहिताचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. शेवाळ आणि पाण्यातील बारीक जीव खाऊन तो हळूहळू चढतो. त्याला काही वर्षे लागतात. थव्यात कोवळे पक्षी किती, हे अभ्यासक या करड्या रंगावरून ओळखतात. तू रंग ओतलास आणि तिघांचे वय पुसून टाकलेस! चित्र अंधारलेले असेल, तर खुशाल उजळ. पण बांबू परत आण. तो तेथे होता."

शरद हिरमुसला. अप्पा मात्र अजून चित्राकडेच पाहत होते.

"रोहित चोच उलटी धरून चिखलपाण्यातून अन्न गाळून घेतो. येथे एकाची तरी चोच पाण्यात आहे का? साऱ्यांच्या माना ताठ! नाव फार जवळ नेली होती काय?"

शरदने माझ्याकडे पाहिले. नाव आणखी पुढे घेण्यास नावाड्याला मीच सांगितले होते. नावाडी बिचारा नको म्हणत होता. आमच्या एका चित्रापायी तो सारा थवा खाणे सोडून उभा राहिला होता, आणि ही चूक कोणत्याही संगणकाने दुरुस्त होणारी नव्हती.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो व दुरूनच छायाचित्र काढले. त्यात पक्षी चिमुकले दिसतात; डोळे तर दिसतच नाहीत. पण चोची पाण्यात आहेत. ते चित्र अप्पांनी मागून नेले.