खडकांचा उलटा क्रम

बीड जिल्ह्यातून बालाघाटाची डोंगररांग गेली आहे. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे धबधब्याचा कडा पाहिला, तर काळ्या खडकाचे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस वाहिला व थिजला. त्यावर पुन्हा नवा रस आला. म्हणून येथे खालचा थर थोरला आणि वरचा धाकटा. पुढे नद्यांनी हे पठार कोरले व डोंगर उरले.

हिमालयाची घडण निराळी आहे. तो शिलारस अंगावर वागवीत भारतभूमी उत्तरेकडे सरकत होती. तिच्या आणि आशियाच्या मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी या दोन भूमी भिडल्या. मधले गाळाचे थर, रेटलेल्या सतरंजीप्रमाणे, दुमडले. रेटा थांबेना, तेव्हा खडक तुटले आणि एक खंड दुसऱ्याच्या पाठीवर चढला. भाकरींप्रमाणे खंडांची चळत झाली.

कोणता खंड किती खोलून आला, हे खडकच सांगतात. भूमीत जितके खोल जावे, तितका दाब व उष्णता वाढते. त्यांच्या योगाने चिखलाचा खडक प्रथम पाटीचा दगड होतो. अधिक खोलवर तो अभ्रकाने चकाकू लागतो व त्यात गार्नेटचे तांबडे खडे धरतात. अशा खडकांस रूपांतरित खडक म्हणतात. हिमालयात अनेक ठिकाणी अधिक तापलेले खडक कमी तापलेल्या खडकांच्या वर आढळतात. शिवालिक टेकड्यांच्या उत्तरेस तर पुरातन खडक तरुण खडकांवर स्वार झाले आहेत!

या उलथापालथीची खूण आपल्याकडील कित्येक देवघरांतही असते. गंडकी नदीतून येणाऱ्या शालिग्रामात पुष्कळदा चक्राकार रेषा दिसतात. टेथिस समुद्रातील एका शंखधारी प्राण्याचा तो ठसा होय. समुद्राचा तळ पर्वतात उचलला गेला आणि त्याचा गोटा नदीने खाली आणला.

मुलांनो, वर आहे ते नवे व खाली आहे ते जुने, असे सर्वत्र धरून चालू नये. वस्तूच्या अंगावरील खुणा वाचाव्यात, आणि मगच तिचे वय ठरवावे.

स्वाध्याय
१. बालाघाटातील खालचा थर थोरला का?
२. हिमालयातील खडकांचा क्रम कशामुळे उलटला?