गोल सोडून बाकी सगळं

मी पंधराएक वर्षं फॉरवर्ड खेळलो. सुरुवात कोल्हापुरात तालमीकडून, मग मुंबईत एका ऑफिसच्या टीमकडून, मग गोव्यात करारावर, आणि शेवटी परत कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर. देशाकडून खेळलो नाही, त्यामुळे माझं नाव तुमच्या कानावर आलेलं नसणार. या लेखासाठी तेच बरं. बायचुंग भुतिया किंवा सुनील छेत्री त्या ताकदीचे होते म्हणून त्यांना जमलं, त्यातून सामान्य पोरानं उचलावं असं थोडंच असतं. पण माझ्यासारखे कितीतरी फॉरवर्ड या देशात पोटासाठी खेळले. आम्हाला काय कळलं ते सांगतो. जसं आठवलं तसं लिहिलंय, क्रमाला अर्थ नाही.

१. पेठ जीव लावते, करिअर देत नाही.

कोल्हापुरात टीम म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे पेठ. दोन पेठांची मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. वर्ल्डकप आला की इथे चौकाचौकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण खरं भांडण पेठेचंच. अशा मॅचला विजयी गोल मारलात तर आठवडाभर चहाचे पैसे कोणी घेत नाही. सोपा गोल घालवलात तर दूधवालाही सकाळी दारात विचारतो, "काय झालं काल?" दोन्ही गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नाहीत, एवढं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

खरी अडचण वेगळी आहे. हंगाम वर्षातले काही महिने. बाकीचा काळ पोरगं रिकामं. शिवाय गॅलरीला लांब किक आवडते, म्हणून बॅकवाला लांब किक मारतो आणि फॉरवर्ड तिच्यामागे पळत राहतो. पळणं येतं, खेळणं राहून जातं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तो लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. पेठेत हे बोललं की माणसं नाराज होतात. होऊ देत.

२. चेंडू नसताना तुम्ही काय करता, तेच तुमचं काम.

नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये फॉरवर्डच्या पायात चेंडू असतो तो जेमतेम दोन मिनिटं. उरलेल्या वेळात तो काय करतो याकडे कोणाचं लक्ष नसतं. लक्ष असतं ते फक्त समोरच्या स्टॉपरचं.

मुंबईत आल्यावर आमच्या कोचनं पहिला आठवडाभर मला चेंडूच दिला नाही. दोन स्टॉपर उभे केले आणि म्हणाले, "यांना चेंडू आणि तू एकाच वेळी दिसता कामा नये." सगळी विद्या एवढ्यात आली. स्टॉपरच्या समोर उभे राहिलात तर तो आरामात असतो. त्याच्या खांद्यामागे गेलात की त्याला मान वळवावी लागते, आणि मान वळली त्या क्षणी चेंडू त्याच्या नजरेतून सुटतो. पास तेव्हाच यायला हवा. म्हणजे पास देणाऱ्याशी तुमचं आधीच जमलेलं हवं. मी तर हाफला खेळणाऱ्या पोराबरोबर मुद्दाम लोकलच्या एकाच डब्यातून जायचो. दादरपर्यंत आमचं बोलणं एकच, तू मान वर केलीस की मी कुठे असेन.

दुसरं म्हणजे प्रत्येक धाव दोनदा काढायची. पहिली त्याच्यासाठी, दुसरी आपल्यासाठी. जवळच्या खांबाकडे दोन पावलं टाका, तो आला की लांबच्या खांबाकडे सुटा. जर्मनीचा गर्ड म्युलर बुटका, जाड मांड्यांचा माणूस. बघून कोणी त्याला खेळाडू म्हटलं नसतं. पण देशाकडून ६२ मॅचमध्ये त्यानं ६८ गोल केले. जर्मनीच्याच मिरोस्लाव्ह क्लोजाचे वर्ल्डकपमधले १६ गोल सगळेच्या सगळे पेनल्टी बॉक्सच्या आतून. लांबून फटका मारून जाळी फाडणारे आपल्याला आठवतात, पण हिशेब बघितला तर बहुतेक गोल होतात बॉक्सच्या आतून, आणि तिथे वेळेवर पोचणं हेच कौशल्य.

यात अन्याय आहे तो असा, की दहापैकी आठ धावांना पास येतच नाही. नवव्यांदाही तेवढ्याच जोरात पळावं लागतं. न येणाऱ्या पाससाठी पळण्याचा ज्याला कंटाळा येतो, त्यानं हाफ व्हावं.

३. कीपरच्या पायांकडे बघा.

तोंडाकडे नाही. त्याचं वजन ज्या पायावर आहे, त्या पायाजवळून चेंडू घाला. तिथे त्याला झेपावता येत नाही. जोर लागत नाही. आणि शंका असेल तेव्हा खालून, लांबच्या खांबाकडे मारा. हाताला लागून सुटला तरी तो तुमच्या दुसऱ्या फॉरवर्डच्या पुढ्यात येतो. मुंबईच्या पावसात तर वरून मारणारा मूर्ख. ओल्या गवतावर टप्पा पडला की चेंडू घसरतो आणि वेग राखतो, कीपर खाली बसेपर्यंत काम झालेलं असतं.

४. गोल मोजू नका, संधी मोजा.

जगातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो. म्हणजे उत्तम फॉरवर्डही बहुतेक वेळा चुकतोच. हे आकडे आमच्या काळात कोणी सांगितले नव्हते. दोन महिने गोल झाला नाही की आम्ही बूट बदलायचो, देवळं बदलायचो, एकानं तर जर्सीचा नंबर बदलून घेतला. खरं तर बघायचं एवढंच, की मॅचमागे दोन-तीन संधी मिळताहेत का. मिळत असतील तर गोल येतो, थोडा उशिरा येतो. संधीच मिळत नसतील तर मात्र झोप उडायला हवी, मग मागच्या दोन मॅचमध्ये तुमचे गोल झालेले असोत.

५. पेनल्टी कोण मारणार हे आदल्या रात्री ठरवा.

मैदानावर ठरवायला गेलात की टीमचे दोन तुकडे पडतात. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

६. करार वाचा. सगळा.

आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. खेळाडू कोट्यातून नोकरी लागायची. बँक, रेल्वे, पोलीस, बंदर, एअर इंडिया, आरसीएफ. सकाळी सराव, दुपारी सहीपुरतं ऑफिस, संध्याकाळी कूपरेजच्या मैदानावर मॅच. पाय थकले तरी टेबल राहायचं. मी मुंबईची जागा सोडून गोव्याला करारावर निघालो तेव्हा घरी आबा म्हणाले, "टेबलाची नोकरी सोडून पायाची धरतोयस व्हय?" त्यांना उत्तर देता आलं नाही. पैसे तिप्पट होते आणि मला रोज खेळायचं होतं, एवढंच कारण होतं.

गोव्यातल्या एका क्लबकडे माझे काही महिन्यांचे पैसे राहिले ते राहिलेच. त्या क्लबचं आता नावही ऐकू येत नाही. तिथून मी काही गोष्टी गाठीला बांधल्या. कराराची सही-शिक्क्याची प्रत आपल्या हातात असल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा आणि त्या काळातला पगार चालू की बंद, हे कलम आधी शोधायचं. क्लब सोडताना एनओसी किती दिवसांत मिळेल ते लिहून घ्यायचं, कारण ती अडवून ठेवणं हे जुनं हत्यार आहे. २००६ साली भुतियाच्या पुढाकारानं खेळाडूंची संघटना उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की असं विचारायचा आपल्याला हक्क असतो.

क्लब मोठा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. महिंद्र युनायटेडनं २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली कंपनीनं टीम बंद केली. पुढच्याच वर्षी जेसीटी गेली, जिनं पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. ट्रॉफ्या कपाटात होत्या आणि पोरं रस्त्यावर. फॉरवर्डचा करार तर आणखी नाजूक असतो. बॅकच्या चुका लपतात, त्याचा हंगाम कसा गेला यावर वाद घालता येतो. तुमच्या नावापुढचा आकडा मात्र क्लबच्या मॅनेजरच्या घरच्यांनाही पाठ असतो.

७. नऊ नंबर परदेशी माणसाचा असतो, हे गृहीत धरा.

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

१९९६-९७च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल जेसीटीच्या भुतियाचे होते, १४. आमच्या तालमीत त्याचं वर्तमानपत्रातलं चित्र भिंतीला चिकटवलेलं होतं. आम्हाला वाटलं, दार उघडलं. मी गोव्यात पोचलो तोवर धेंपो क्लबकडे रँटी मार्टिन्स होता, चर्चिल क्लबकडे ओडाफा ओकोली. दोघेही नायजेरियाचे. २०११-१२ला रँटीनं एका हंगामात ३२ गोल केले. ओडाफाला पाठ लावून उभा राहिलेला बघितलं की मला तालमीतला पैलवान आठवायचा. कंबर खाली, कोपर बाहेर, मागच्याला चेंडू दिसायचाच नाही. अशा माणसाला सोडून कोणता कोच मला मध्यभागी खेळवेल? मीही खेळवलं नसतं.

मग आमच्यासारख्यांना उजव्या नाहीतर डाव्या बाजूला ढकललं जायचं. काही पोरं रुसली, बाकावर बसली, संपली. मी बाजूला खेळायला शिकलो, बॅकला मदत करायला मागे पळायला शिकलो, आणि त्यामुळेच चार-पाच वर्षं जास्त टिकलो. सरावात रँटीसारख्यांच्या टीमविरुद्ध उतरलात की तक्रार करण्यापेक्षा बघत राहावं. चेंडू येण्याआधी ते खांद्यावरून दोनदा मागे बघतात. पहिला स्पर्श नेहमी बचावपटूपासून लांबच्या पायानं करतात. हे कोणीही शिकू शकतं, त्याला नायजेरियात जन्मावं लागत नाही.

पण माझं पोट भरलं म्हणून ही व्यवस्था बरी आहे असं मी म्हणणार नाही. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ साली सुरू झाली तेव्हा मैदानावर अकरांत सहा परदेशी चालत. पुढे पाच झाले, २०२१-२२ पासून चार. त्या चारांतला एक जवळजवळ प्रत्येक क्लबमध्ये सेंटर फॉरवर्ड असतो. पहिल्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचं बक्षीस एकदाही भारतीयाला मिळालेलं नाही. खुद्द छेत्री बेंगळुरूकडून कित्येकदा डाव्या बाजूला खेळला, मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू. आणि मग आपण विचारतो, भारताला गोल करणारा का मिळत नाही. जून २०२४ मध्ये छेत्रीनं कोलकात्याला निरोप घेतला. नऊ महिन्यांत त्यालाच परत बोलवावं लागलं. वय ४०. आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्याचं कौतुक आहेच. पण ती बातमी वाचून मला आनंदापेक्षा राग जास्त आला.

आता कोल्हापुरातल्या टीमही हंगामापुरते परदेशी खेळाडू आणतात आणि बहुतेक वेळा पुढेच खेळवतात. गॅलरी खूश. पेठेतला सतरा वर्षांचा फॉरवर्ड बाकावर.

८. अँब्युलन्स कुठे उभी आहे ते बघून ठेवा.

डिसेंबर २००४, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. धेंपोचा ब्राझीलचा फॉरवर्ड क्रिस्टियानो ज्युनियर दुसरा गोल करताना कीपरला धडकला, पडला आणि उठला नाही. दोन्ही गोल त्याचेच होते. त्यानंतर वॉर्मअपला उतरलो की मी आधी मैदानाच्या कडेला नजर टाकायचो. गाडी आहे का, सोबत डॉक्टर आहे का. बऱ्याच ठिकाणी बर्फाचा डबा आणि स्प्रे घेतलेला एक माणूस तेवढा असायचा. सीनियर खेळाडूनं अशा वेळी तोंड उघडायला हवं, ज्युनियर बोलू शकत नाही.

गुडघ्याचं लिगामेंट माझंही गेलं. ऑपरेशननंतर आठ-नऊ महिन्यांत गुडघा तयार होतो, डोकं होत नाही. क्रॉस आला की आधी उडी घ्यायचो, आता आधी कीपर कुठे आहे ते बघायला लागलो. तेवढ्या वेळात स्टॉपर हेड करून मोकळा. यावर औषध एकच सापडलं. सरावात कीपरला सांगायचं, मुद्दाम अंगावर ये. तो हसला तरी सांगायचं.

९. वेग आधी जातो आणि तो तुम्हाला सांगून जात नाही.

वयाच्या तिशीत कधीतरी, नेहमी पोचणाऱ्या चेंडूला बोट कमी पडायला लागतं. आधी पास चुकला असं वाटतं. मग मैदान जड वाटतं. मग कोच शेवटची पंधरा मिनिटं उतरवायला लागतो, आणि ती पंधरा मिनिटं मला फार आवडायची हे मी उघडपणे सांगतो. समोरचे स्टॉपर दमलेले, मी ताजा, आणि त्यांच्या सगळ्या खोड्या बाकावरून बघून ठेवलेल्या.

त्या काळातच कोचिंगचं लायसन्स काढून ठेवा. डी लायसन्स काही दिवसांत होतं, अवघड नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी खेळणं सुटल्यावर हात-पाय मारायला सुरुवात केली, तोवर जागा भरलेल्या होत्या.

मी आता बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. जागा कोणाला ठरवून देत नाही, आज फॉरवर्ड असेल तो पुढच्या आठवड्यात स्टॉपर. फॉरवर्डच्या कशाचा राग येतो हे स्टॉपर झाल्याशिवाय कळत नाही. बॅचमध्ये एक मुलगी आहे, न शिकवता दुसरी धाव काढते. तिच्या वडिलांचं म्हणणं, "सर, हिला कीपर करा, पळायला कमी लागतं." शाळांच्या निवड चाचणीचा फॉर्म मागच्या आठवड्यात भरून दिला. जागेच्या रकान्यात फॉरवर्ड लिहिलंय. वडिलांची सही आईनं केली.